समासातली नावं

"कुणाला सांगू नगासा, बाई. आन कधी सांगितलंसाच, तर आधी माझ्या दारात येऊन मला सांगा. दुसऱ्याच्या तोंडनं माझ्या कानावर येऊ देऊ नगासा."

पिराजीचा हा आवाज त्रिशलाबाईंच्या कानात तेरा वर्षं जसाच्या तसा होता. कॉलेजच्या मागच्या पायरीवर, घंटेचा लाकडी ठोकळा मांडीवर ठेवून, मान खाली घालून तो बोलला होता. त्यांनी "शब्द देते" म्हटलं होतं. आणि एकदा म्हटलं की त्रिशलाबाई ते पाळतात, असं पेठेत सगळे म्हणत. त्यांनाही तसंच वाटे.

वाटायला कारण होतं. पहाटे उठून पाणी गाळायचं, अंघोळ करून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शनाला जायचं, आणि देवासमोर हात जोडून त्या दिवसाचा नियम घ्यायचा, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा क्रम. आज तूप नाही. आज एकदाच जेवण. चतुर्दशीला दुपारी बारापर्यंत मौन. निवृत्त झाल्यापासून त्यात देशव्रताची भर पडली होती. रोज सकाळी एक हद्द ठरवायची आणि दिवस मावळेपर्यंत तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. माणसाची धाव कमी झाली की पायाखाली मरणारे जीव कमी होतात आणि मनाची वणवणही कमी होते, असं एका आर्यिका माताजींनी, म्हणजे साध्वींनी, त्यांना सांगितलं होतं. ते त्यांना इतकं पटलं की बहिणीच्या नातवाच्या बारशालासुद्धा त्या एकदा हद्दीमुळे गेल्या नव्हत्या.

"आमच्याकडं सकाळी दुधाआधी नियम येतो," असं नेमिनाथ पाहुण्यांना सांगत. नेमिनाथ म्हणजे त्यांचे यजमान. चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवून आता घरी बसलेले, तरी समोर ठेवलेली वाटी बोटानं वाजवून बघितल्याशिवाय जेवायला न बसणारे.

त्या दिवशी क्षमावणी होती. पर्युषण पर्वाचे दहा दिवस झाले, अनंत चतुर्दशीचा उपवास सुटला, आणि आता वर्षभरात कळत नकळत ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन हात जोडायचे. शिवाजी पेठेत विसर्जनाच्या मिरवणुकीचा गुलाल अजून गटारीकडेला लाल चिखल होऊन बसला होता. तालमीसमोर मांडवाचे वासे उतरवत होते आणि वरचा माणूस खालच्याला मोठ्यानं शिव्या घालत होता. त्रिशलाबाईंनी सकाळी बस्तीत हद्द घेतली ती लहानशीच. निवृत्ती चौक ओलांडायचा नाही. आज लोक घरी येणार, तेव्हा आपण घरी असावं, एवढाच विचार.

अकराच्या सुमाराला भाग्यश्री आली. दारातूनच तिचा आवाज.

"उत्तम क्षमा, मॅडम! उत्तम क्षमा, काका!"

"तू कसली क्षमा मागतीस, पोरी?" नेमिनाथ म्हणाले. "हातात पेढे हाईत न्हवं? पेढेवाल्याला आमच्याकडं सगळं माफ."

"असू दे काका. वर्षातनं एकदा घाऊक मागून टाकते."

तिघंही हसले. भाग्यश्रीला या घरात हसायचा हक्क होता. हातकणंगल्याकडच्या खेड्यातून ती शिकायला आली तेव्हा तिला हॉस्टेल मिळालं नव्हतं. माडीवरच्या खोलीत ती पाच वर्षं राहिली. टायफॉइड झाला तेव्हा त्रिशलाबाईंनी तिला एकवीस दिवस मुगाचं पाणी पाजलं. पहिल्या मुलाखतीला ती त्यांचीच मोतिया रंगाची साडी नेसून गेली. आणि त्रिशलाबाई ज्या जागेवरून निवृत्त झाल्या त्याच जागेवर, इंग्रजीच्या त्याच वर्गावर, आता तीच शिकवत होती. त्रिशलाबाईंना मूल नव्हतं. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण भाग्यश्री आली की नेमिनाथ दोन पेढे जास्त खात.

"मॅडम, डोळे मिटा. हात पुढे करा."

हातात पुस्तक पडलं. नव्या शाईचा वास आला. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला फ्रान्सच्या क्रांतीवरची एक जुनी इंग्रजी कादंबरी असे, राणीच्या काळातली, जाडजूड. त्रिशलाबाईंनी ती अठ्ठावीस वर्षं शिकवली होती. भाग्यश्रीनं तिचं गाइड काढलं होतं. कोणतं पात्र कसं, कोणता विषय कुठं येतो, परीक्षेत काय विचारतात. वर तिचं नाव, नावापुढे पदव्या. पहिल्या पानावर ओळ होती: माझ्या गुरू त्रिशला मॅडम यांच्या चरणी.

त्रिशलाबाईंनी चष्मा लावला. पाच-सहा पानं उलटल्यावरच त्यांना कळलं की आपण आपलंच वाचतो आहोत. वाक्यं त्यांची होती. क्रांतीच्या गर्दीला त्यांनी उन्हाळ्यातल्या पंचगंगेची आणि पुरातल्या पंचगंगेची उपमा दिली होती, तीही होती. त्यांच्या चार वह्या, जाड पुठ्ठ्याच्या, दरवर्षी थोडं खोडून थोडं भर घालून लिहिलेल्या, जशाच्या तशा छापल्या होत्या.

त्यांचं नाव फक्त अर्पणाच्या ओळीत होतं. पण त्यांनी ते गिळलं. चार दानांत शास्त्रदान मोठं, आणि दान दिल्यावर त्याच्यावर आपलं नाव शोधायचं नसतं. त्या 'छान झालंय गं' म्हणणारच होत्या. तेवढ्यात बासष्टावं पान उघडलं.

दुसऱ्याच्या जागी मरायला जाणाऱ्या माणसाचं ते प्रकरण होतं. खाली चौकटीत, ठळक अक्षरांत, 'आपल्या मातीतलं उदाहरण' म्हणून इंग्रजीत सहा ओळी होत्या. शिरोलीच्या एका फाउंड्रीतल्या संपात कसबा बावड्याच्या कृष्णातनं दगड मारला आणि वॉचमनचा डोळा गेला. त्याच गल्लीतल्या पिराजीनं तो गुन्हा स्वतःवर घेतला आणि तीन वर्षं तुरुंग भोगला. नावं. गाव. सगळं.

"मॅडम? आवडलं नाही?"

त्रिशलाबाईंनी त्या चौकटीवर बोट ठेवलं.

तेरा वर्षांपूर्वी त्या वर्गात हेच प्रकरण शिकवत होत्या. त्यांची पद्धत अशी की आधी उतारा इंग्रजीत वाचायचा आणि मग सगळं मराठीत सांगायचं, शेजारणीला सांगावं तसं. त्या दिवशी तास संपला तरी घंटा झाली नाही. बाहेर येऊन बघतात तर पिराजी पायरीवर बसलेला. तो कॉलेजात रोजंदारीवर माळी होता आणि घंटाही तोच द्यायचा.

"झोप लागली की काय, पिराजी?"

"न्हाय बाई. ऐकत बसलो, घंटा इसरली." मग घंटेचा ठोकळा मांडीवर ठेवत, "त्यो माणूस खरंच गेला व्हय? दुसऱ्याच्या जागी, मराय?"

"कादंबरी आहे ती. पण गेला."

"आन त्या दुसऱ्याची पोरगी हुती न्हवं बारकी. तिला मागनं कुणी सांगितलं का, तुझ्या बापापायी त्यो मेला म्हणून?"

"घरात त्याची आठवण काढत असतील की."

"वाईट केलं," पिराजी म्हणाला. "पोरीला कशाला सांगायचं."

आणि मग त्यानं सांगितलं. संपाच्या वेळी गेटावर शाहीर आणला होता. "आमास्नी वाटलं बाई, उद्यापासनं भट्टी आपली, राज्य आपलं. चार आठवडं झालं, घरातलं पीठ संपलं. मग गळ्यात गळा घालून घोषणा देणारी माणसंच एकमेकांची नावं चिठ्ठीवर लिहून सायबाला द्याया लागली. कुणी कुणाचं न्हवतं." त्यातच एका दुपारी दगडफेक झाली. दगड कृष्णातच्या हातचा. पोलीस गल्लीत आले तेव्हा कृष्णातची बायको सातव्या महिन्याचं पोट घेऊन उंबऱ्यात उभी होती. पिराजीला मागे ना पुढे कुणी. शिवाय तो गुत्त्यावरनं आलेला. तो पुढं झाला आणि म्हणाला, मी मारला.

"दारूत बोललो का शुद्धीत, मलाच ठाव न्हाय बाई. पर सकाळी उतारली तरी जबानी बदलली न्हाय. त्येवढं मातूर शुद्धीत."

कळंब्याच्या जेलातून सुटून आला तोवर कृष्णातची मुलगी संयोगिता गल्लीत पळायला लागली होती. गल्लीनं पिराजीचं नाव 'जेलवाला' ठेवलं. "पोर माझ्या हातनं गोळी घेत न्हाय. आईनं सांगितलंया, घिऊ नगं. खरंच हाय. तिच्या डोळ्यात तिचा बाप चांगला हाय, ऱ्हाऊ दे."

मग तो म्हणाला, कुणाला सांगू नगासा, बाई.

त्रिशलाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. वर्गात त्या नेहमी 'आपल्या इथला एक माणूस' एवढंच म्हणत. पण त्याच दुपारी स्टाफरूममध्ये बसून त्यांनी चौथ्या वहीच्या समासात पेन्सिलीनं सगळं लिहून ठेवलं होतं, नावागावासकट. विसरू नये म्हणून. इतकं खरं काही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तोंडानं बोलायचं नाही असा शब्द दिला होता, आणि वही तर आपल्याच कपाटात.

"हे कशाला छापलंस, भाग्यश्री?"

"तेच तर सगळ्यांना आवडलंय मॅडम! प्रकाशक म्हणाला, गाइड तर ढीगभर आहेत, असलं एकात तरी आहे का? आणि वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कोण ओळखतंय."

"मला विचारलंस कधी?"

"विचारलं की. घरी येऊन विचारलं, चौथी वही पण नेऊ का. तुम्ही काही बोलला नाहीत."

"चतुर्दशी होती, भाग्यश्री. माझं मौन होतं."

भाग्यश्री पेढ्यांच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळू लागली.

चैत्रातली चतुर्दशी होती ती. त्रिशलाबाईंनी त्या दिवशी काष्ठमौन घेतलं होतं. म्हणजे बोलणं नाहीच, खूणही नाही, पाटीवर लिहिणंही नाही. लाकडासारखं बसायचं. भाग्यश्री दहा वाजता आली, "चौथी वही नेते हं मॅडम, झेरॉक्स काढून देते" म्हणाली, कपाट उघडलं आणि वही काढली. त्रिशलाबाईंच्या घशापर्यंत 'थांब' आलं. एक शब्द. समासातलं खोडू दे, मग ने. पण बारा वाजायला दोन तास होते. त्या लाकडासारख्या बसून राहिल्या. भाग्यश्री पाया पडून गेली आणि त्यांना वाटलं, केवढी परीक्षा होती, आणि आपण ढळलो नाही. त्यांना त्याचा अभिमान वाटला होता, हे आता आठवलं. बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी फोन केला. "समासातलं मी बघतसुद्धा नाही मॅडम, निर्धास्त राहा," असं भाग्यश्री म्हणाली. आणि त्या निर्धास्त राहिल्या, कारण राहायला सोयीचं होतं.

"मौन बारापर्यंत असतं, हे तुला ठाऊक होतं," त्या हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. "पाच वर्षं या घरात होतीस. चतुर्दशीला माझा चहा तूच झाकून ठेवायचीस."

"होतं ठाऊक." भाग्यश्रीनं वर बघितलं नाही. "म्हणून तर दहाला आले. आधी दोनदा मागितली तर तुम्ही टाळलीत. बोलता येत असतं तर तिसऱ्यांदाही टाळली असतीत."

नेमिनाथांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"पोरी," ते म्हणाले, "देवाच्या व्रताची वेळ बघून चोरी करायला चोर बी भितोय गं."

"काका, चोरी काय त्यात? कपाटात सडत पडल्या होत्या वह्या. मी नाव दिलंय त्यांना. पहिल्या पानावर कुणाला अर्पण केलंय ते तरी बघा."

"प्रती किती वाटल्या?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"आगाऊ नावं दिली होती त्यांना काल वर्गात. चाळीसेक."

"संयोगिताला? तुझ्या वर्गातल्या?"

"कोण, ती बावड्याची? तिला तर पहिली. हुशार पोरगी आहे, सही करून दिली मी. गेल्या साली वडील वारले बिचारीचे, तर म्हटलं..." भाग्यश्री थांबली. तिनं पुस्तकाकडे बघितलं, मग त्रिशलाबाईंकडे. "वडिलांचं नाव..."

"कृष्णात."

खाली तालमीसमोर वासा धाडकन जमिनीवर पडला आणि कुणीतरी ओरडलं, "आरं बघून की!"

भाग्यश्रीचा चेहरा पांढरा पडला होता. पण माणूस सापडला की आधी दार शोधतो. "मी फोन करते तिला. म्हणते बासष्टाव्या पानावर चूक आहे, ते पान फाडून टाक."

"मग ती तेच पान आधी वाचेल."

"मग काय करू मी? सांगा तुम्हीच!" तिचे डोळे भरले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच ती बोलून गेली, "आणि मॅडम, छापली मी, कबूल. पण नावं लिहून कुणी ठेवली होती?"

त्रिशलाबाईंनी पुस्तक मिटलं. भाग्यश्री उठली. दारात चपला घालताना सवयीनं तिचे हात जोडले गेले, पण 'उत्तम क्षमा' हे शब्द काही बाहेर आले नाहीत. पेढ्यांचं खोकं टेबलावरच राहिलं.

मन ठिकाणावर नसलं की त्रिशलाबाई माळ घेत. त्या देवघरासमोर चटईवर बसल्या. णमोकार सुरू केला. पाच-दहा मणी नीट सरकले. मग केव्हातरी मंत्र मागे राहिला आणि बोटं पुढे गेली. टायफॉइडचे एकवीस दिवस. एक मणी. मोतिया साडी. एक मणी. प्राचार्य बाईंना आपण लिहिलेलं शिफारसपत्र. चतुर्दशी, सकाळचे दहा. फोनवरचं 'निर्धास्त राहा'. वहीच्या पहिल्या पानावरचं आपलं नाव तिनं कसं झाकलं असेल झेरॉक्स काढताना, हातानं की कागदानं? एक मणी. एक मणी.

मग त्यांचा हात थांबला.

त्या कादंबरीत एक बाई आहे. दारूच्या दुकानात बसून विणत असते, आणि ज्यांचा ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावं त्या विणकामात गुंफत जाते. क्रांती येते तेव्हा तिच्या सुयांतून उतरलेली यादी तयार असते. अठ्ठावीस वर्षं त्रिशलाबाई मुलांना विचारत, ही बाई वाईट आहे का? तिच्यावर जे झालं ते आधी सांगा, मग बोला. मुलं भांडायची. कुणी तिची बाजू घ्यायचं, कुणी नाही. त्या दोघांचंही ऐकून घ्यायच्या, पण मनात ठरलेलं असायचं: आपण कधी अशा होणार नाही. आपल्या हातात सुया नाहीत, माळ आहे.

आणि आता एकशेआठ मण्यांच्या माळेत भाग्यश्रीच्या हिशेबाचे सतरा मणी झाले होते, पर्वाचे दहा दिवस करून, क्षमावणीच्या दिवशी.

त्याच कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे. एका भल्या म्हाताऱ्यानं कोठडीत असताना आपलं दुःख एका कागदावर लिहून भिंतीत लपवलेलं असतं. वर्षांनंतर तो कागद सापडतो, भर कोर्टात वाचला जातो, आणि त्या कागदामुळंच त्याच्या घरच्या माणसाला मरणाची शिक्षा होते. म्हातारा ओरडून सांगतो, माझा तसा हेतू नव्हता. पण कागद हेतू विचारत नाही. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न होता तो. दहा गुणांचा. त्रिशलाबाईंनी त्याचं उत्तर शेकडो वेळा तपासलं होतं, लाल शाईत 'छान' लिहिलं होतं.

अठराव्या मण्यावर त्यांनी आपलं नाव ठेवलं आणि माळ खाली ठेवली.

संयोगिताकडे पुस्तक काल गेलं. आज सुट्टी. कदाचित तिनं उघडलं नसेल. कदाचित सकाळीच वाचून झालं असेल आणि ती आता आईसमोर उभी राहून विचारत असेल. कदाचित तिथून निघून चार घरं सोडून पिराजीच्या दारात जाऊन उभी असेल. ज्या पोरीच्या डोळ्यात बापाची पत राहावी म्हणून त्यानं वीस वर्षं 'जेलवाला' ऐकून घेतलं, तीच पोर पुस्तक पुढं धरून विचारणार, हे खरं काय? आणि मग पिराजीला कळणार की बाईंनी शब्द मोडला. बाईंच्या तोंडून नाही. पोरीच्या तोंडून.

जे गेलं ते परत येणार नव्हतं. छापलेलं पुसता येणार नव्हतं. दिलेल्या शब्दाचा पहिला अर्धा भाग कधीच मोडला होता. पण दुसरा अर्धा अजून मोडला नव्हता, असं धरून चालायला थोडीशी जागा होती. आधी माझ्या दारात येऊन मला सांगा.

आणि बावडा निवृत्ती चौकाच्या पलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला होता.

त्या स्वयंपाकघरात आल्या. नेमिनाथ तिथं मोरीपाशी उभे राहून पेढ्याचा चुरा चिमणीला घालत होते.

"मी बावड्याला जाऊन येते."

नेमिनाथांनी मान वळवली. "आज? हद्द घेतलीस न्हवं सकाळी?"

"घेतली."

"मग उद्या जा की. व्रत मोडायला काय आग लागलीया का?"

"लागली आहे."

त्यांनी हात पुसले. बायकोनं कधी नियम मोडलेला त्यांनी पाहिला नव्हता. तिची सासू वारली त्या दिवशीही तिनं गाळलेलंच पाणी प्यायलं होतं. "हे बघ," ते म्हणाले, "मी जातो. माझी काय हद्द न्हाय. रिक्षा करतो, पिराजीला सांगतो, असं असं झालंय, बाईंनी पाठवलंय. त्याला निरोप पोचल्याशी मतलब. तुझं व्रत बी ऱ्हाईल आन काम बी हुईल."

त्यांनी ते इतक्या मायेनं म्हटलं की त्रिशलाबाईंना क्षणभर खरंच वाटलं, होऊ दे असंच. चैत्रातही असंच सोयीचं काहीतरी समोर आलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडून नको, असं म्हणाला होता तो. पिराजी कृष्णातच्या जागी गेला, ते त्याला शोभलं. माझ्या जागी तुम्ही गेलात तर ते मला शोभणार नाही."

"मग देवाला काय सांगणार?"

"खरं तेच सांगणार. त्या चतुर्दशीला मौन सोडलं असतं तर एक प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं. ते वाचवलं, आणि काय झालं बघितलंत. आज मोडते, आणि जे द्यायचं ते देईन."

"आन त्यो पिराजी?" नेमिनाथ म्हणाले. "त्यो काय म्हणंल तुला?"

"म्हणेल ते ऐकेन."

"शिव्या घातल्या तर?"

"तालमीसमोरच्या रोज ऐकतेच की मी."

ते हसले नाहीत. त्यांनी फडताळातून तांब्याची बाटली काढली, बोटानं एकदा वाजवली, गाळून उकळलेलं पाणी भरलं आणि तिच्या पिशवीत ठेवली. "दिवस मावळायच्या आत येशील? मागनं तू जेवत न्हाईस."

"नाही आले तर तुम्ही जेवून घ्या. मी आज उपाशीच राहीन."

देवघरासमोर त्या उभ्याच राहिल्या. हात जोडले. सकाळी घेतलेली हद्द मी जाणूनबुजून मोडते आहे, असं ओठांतल्या ओठांत सांगितलं. कारण सांगितलं नाही. भाग्यश्रीचं नावही घेतलं नाही. तिला क्षमा झाली होती की नव्हती, हे त्यांनाच अजून कळलेलं नव्हतं, आणि जे झालेलं नाही ते देवासमोर झालं म्हणायची त्यांना सवय नव्हती. बासष्टाव्या पानात खूण म्हणून पोस्टकार्ड घालून पुस्तक त्यांनी पिशवीत ठेवलं. पिराजीला दाखवावं लागेल. तो वाचणार नाही, पण कुठं छापलंय ते बोट ठेवून दाखवावं लागेल, आणि वही कुणाची तेही.

जिन्यावरून त्या नेहमीसारख्या सावकाश उतरल्या, पायाखाली बघत. तालमीसमोर मांडव उतरवणाऱ्यांनी काम थांबवून वाट दिली. "मावशी, गुलाल हाय, बेतानं." त्यांनी मान डोलावली. निवृत्ती चौकात आल्यावर त्या रोजच्याप्रमाणे थांबल्या, कारण पाय आपोआप थांबले. पलीकडे दोन रिक्षा उभ्या होत्या.

एका रिक्षावाल्यानं तिथूनच हाक दिली, "कुठं जायचं, मावशी?"

"कसबा बावडा," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडू लागल्या.